अक्कांची मोठी स्क्रिप्ट

अक्का कोड वाचताना उजव्या हाताची तर्जनी स्क्रीनवर टेकवायच्या. पोथी वाचणाऱ्यासारखं त्यांचं बोट ओळीखालून सरकत जायचं, ओळ संपली की खालच्या ओळीवर उतरायचं. दुपारपर्यंत स्क्रीनच्या मधोमध ठशांचा एक धुरकट पट्टा तयार व्हायचा. पाच वाजले की त्या पर्समधून जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा काढून स्क्रीन पुसायच्या आणि म्हणायच्या, "झाली पाटी कोरी." नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. एवढ्या काळात त्या स्क्रीन न पुसता घरी गेल्याचं मला दोनदाच आठवतं.

नांदेडला रेल्वे स्टेशनच्या बाजूला एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. रक्ताचा नमुना आल्यापासून पेशंटच्या हातात छापील रिपोर्ट पडेपर्यंतचं सगळं त्यात येतं. माणसं चारच. मालक संतोषसर, प्रोग्रामर म्हणून अक्का आणि नाझिया, आणि मी. मला प्रोग्रामिंग येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही बदल झाला की जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून बघायचा, हे माझं काम. ऑफिसच्या जिन्याला तेवीस पायऱ्या आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. अक्का मला चिडवायच्या, "अण्णा, जेवताना घास मोजता का हो?" मी मोजत नाही. भाकरी मात्र मोजतो.

अक्का मूळच्या उदगीरच्या. लिंगायत घर, वडील डाळ मिलमध्ये मिस्त्री. लातूरला बरीच वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेतले, मग यजमानांच्या बदलीमुळे नांदेडला आल्या. यजमान गेले, मुलगी लातूरला दिलेली होती, तरी अक्का नांदेडलाच राहिल्या. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे मला अण्णा म्हणायच्या. रागावल्या की तोंडून कन्नड निघायचं. ते कुणालाच कळत नसल्यामुळे आम्हाला त्यांच्या रागाची भीती कधी वाटली नाही.

घाईघाईने बोललेलं वाक्य त्या जशाच्या तसं कधी स्वीकारत नसत. एकदा संतोषसर धावत आत आले. "अक्का, किनवटच्या लॅबचं सगळं बंद पडलं!"

"सगळं म्हंजे काय काय?"

"अहो, प्रिंट निघंना."

"मग प्रिंट निघंना म्हणा की. सगळं कशाला बंद पाडता?"

आणि खरोखर, प्रिंटरमधला कागद संपला होता.

आमच्या धंद्यात एक जुनी खोड होती. लॅबवाले सगळे ओळखीचे, कुणी पाहुण्यांतले. कुणी म्हणालं, "आमच्याकडं जरा असं पाहिजे," की त्यांच्या प्रतीत तसं करून द्यायचं. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. असं करता करता एकाच सॉफ्टवेअरच्या एक्केचाळीस लॅबसाठी एक्केचाळीस वेगवेगळ्या प्रती झाल्या. एक चूक दुरुस्त करायची तर ती एक्केचाळीस वेळा करावी लागे. तेव्हा सगळ्या प्रती एका वळणावर आणायचं ठरलं. रिपोर्टमध्ये काडीचाही फरक पडू द्यायचा नाही, फक्त आतली मांडणी बदलायची. अक्का म्हणाल्या, "घर तेच. आतलं सामान हलवायचं. पण पाणी पिताना तांब्या सापडला पाहिजे."

हे काम हातानं करायचं तर आयुष्य गेलं असतं. म्हणून अक्कांनी एक स्क्रिप्ट लिहिली. एखाद्या लॅबची प्रत तिला दिली की जुना कोड ती आपण होऊन वाचायची, वापरात नसलेला भाग काढायची, नावं एकसारखी करायची, दोनदा लिहिलेला भाग एक करायची, आणि सगळं नव्या जागी लावून द्यायची. तीन हजार आठशे साठ ओळी. आम्ही तिला मोठी स्क्रिप्ट म्हणायचो. काळ्या पडद्यावर अक्का एक शब्द टाइप करायच्या, एंटर दाबायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. अकरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग पडद्यावर "झालं" असा शब्द यायचा. नाझिया म्हणायची, "क्या अक्का, जादू आहे तुमच्या हाताला." अक्कांना ते आवडायचं, हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांनी जे केलं त्याची किंमत त्यावरून कळेल.

चौदा लॅब अशा पार पडल्या. पंधरावी मुखेडची. मी नेहमीप्रमाणे चाळीस रिपोर्ट ताडून पाहिले, चाळीसच्या चाळीस जुळले, आणि नवी प्रत मुखेडला बसवली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, "आठ महिन्यांच्या लेकराला तुमचं मशीन हिमोग्लोबिन कमी म्हणून शेरा मारून राहिलंय. माझ्या हिशोबानं लेकरू ठीक आहे. जरा बघता का?"

अक्कांनी बघितलं. बोट स्क्रीनवर एका जागी थांबलं आणि कितीतरी वेळ हललं नाही. मुखेडच्या लॅबमध्ये तान्ह्या मुलांचं वय महिन्यांत लिहायची पद्धत होती, आणि त्यासाठी आम्हीच कधीतरी त्यांच्या प्रतीत महिन्यांचा वेगळा तक्ता घालून दिला होता. मोठ्या स्क्रिप्टच्या एका भागानं नावं एकसारखी करताना वर्षांच्या आणि महिन्यांच्या तक्त्याला एकच नाव दिलं. पुढच्या भागाला एका नावाच्या दोन गोष्टी दिसल्या, त्यानं त्या एक केल्या. आठ महिन्यांचं मूल आठ वर्षांचं झालं होतं. माझ्या चाळीस रिपोर्टांत एकही तान्हं मूल नव्हतं. चूक अक्कांची होती तशी माझीही होती, आणि ती मी त्याच वेळी बोलून दाखवली. मुखेडच्या प्रतीतला तो तक्ता अक्कांनी त्याच संध्याकाळी हातानं वेगळा करून दिला.

त्या दिवशी अक्कांनी स्क्रीन पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं मुखेडला गेलो. फोनवर काम झालं असतं, संतोषसरही तेच म्हणत होते. अक्का म्हणाल्या, "कागद तिथं छापलेत. तिथंच बघायचे." लॅबमध्ये बाकड्यावर बसून आम्ही तीन दिवसांचे त्र्याण्णव रिपोर्ट एकेक करून पाहिले. तान्ही मुलं पाच, त्यातले तीन शेरे चुकीचे. दोघांच्या घरी डॉक्टरांनी आमच्यासमोर फोन लावले. तिसरं मूलही आठ महिन्यांचंच; त्याला गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून लोहाचे थेंब सुरू केले होते आणि त्या घरचा फोन लागत नव्हता. पण त्या दिवशी आठवडी बाजार होता, आणि त्याची आई बाजारासाठी येणार हे कंपाउंडरला माहीत होतं. आम्ही थांबलो. दीड वाजता ती आली, कडेवर मूल, हातात पिशवी. डॉक्टरांनी मूल तपासलं, थेंब बंद करायला सांगितलं, काही अपाय नाही म्हणाले. तेवढ्यावर भागलं असतं. पण अक्का उठून तिच्यासमोर गेल्या.

"बाई, मशीन चुकलं न्हाई. मशीनला मी चुकीचं शिकवलं. तुमच्या लेकराला मी आठ वर्षांचं समजले."

त्या बाईनं अक्कांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "आठ वर्सांचं? बरं केलं की वो! माझी शी-शू काढायची मेहनत वाचली. उद्याच शाळंत घालते."

कंपाउंडर हसला, डॉक्टर हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मुलाचा पाय हातात धरला, आणि मग म्हणाल्या, "घाला. पण दप्तर मी आणून देईन."

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसल्या. मग बाहेर बघतच बोलायला लागल्या. "आमचे अप्पा डाळ मिलमध्ये होते. तूर एका बाजूनं आत जायची, डाळ दुसऱ्या बाजूनं बाहेर. मधी चाळणी, तेल लावणं, वाळवणं, भरडणं, साल काढणं. सगळी मशीनं बंद नळकांड्यांनी जोडलेली. अप्पांनी काय केलं, दर दोन मशीनांच्या मधी नळकांड्याला एक झडप केली. येता-जाता झडप उघडायची, मूठभर माल काढायचा, बघायचा. मालक म्हणायचे, मिस्त्री, कशाला उघडता, शेवटी डाळ दिसतीच की. अप्पा म्हणायचे, शेवटी दिसती तवा पोतं भरलेलं असतंय." थोडं थांबून म्हणाल्या, "अप्पांची लेक, आणि मी झडप न्हाई ठेवली."

कंधारचा थांबा गेला. तेव्हा त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. साखरेनं डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. उजवा जवळजवळ गेला होता, डावा किती टिकेल हे डॉक्टर सांगत नव्हते. बोट ही सुरुवातीला सवय होती. गेलं वर्षभर बोट नसेल तर ओळ सापडत नव्हती. "मोठी स्क्रिप्ट माझ्याशिवाय कुणाला कळत न्हाई, अण्णा. इतके दिवस मला ते बरं वाटायचं. आता सव्वीस लॅब राहिल्यात. माझा डोळा हाय तोवर तिचे तुकडे झाले पाहिजेत. असे, की नाझिया एकटी चालवू शकंल. तुम्हीसुद्धा."

"मी?"

"हाव. तुम्हीच. तुम्हाला प्रोग्रामिंग येत न्हाई, हेच बरं हाय."

संतोषसरांना हे पटणं अवघड गेलं. त्यांच्या बाजूनंही खरं होतं. सव्वीस लॅब वाट बघत होत्या. "अक्का, ती एक ओळ दुरुस्त करा आणि पुढं चला ना."

"करते की. मग सोळाव्या लॅबला दुसरी ओळ निघंल. तवा फोन करणारा डॉक्टर इतका गुणी असंलच असं न्हाई." डोळ्यांचं त्यांनी सरांना शेवटी सांगितलं. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत कुठलीही लॅब हलवायची नाही. करा."

मला वाटलं होतं, तुकडे करायचे म्हणजे कात्री घेऊन कापायचे. तसं नव्हतं. पहिल्या भागानं मनात धरून ठेवलेली गोष्ट पाचव्या भागाला लागायची. एक सोडवायला गेलं की तीन गाठी दिसायच्या. "हे मी का लिहिलं असंल?" असं अक्का स्वतःलाच विचारायच्या. एकदा संतापून बरंच कन्नड बोलल्या. श्रावणापर्यंत डावा डोळाही थकायला लागला. मग नाझिया कोड मोठ्यानं वाचायला लागली. कंस उघडला, कंस मिटला, सगळं. अक्का डोळे मिटून ऐकायच्या, बोट टेबलावर सरकत असायचं, आणि मध्येच म्हणायच्या, "थांब. हितं काप." नाझियाचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. ती म्हणायची, "घरी तो मला वाचून दाखवतो, इथं मी अक्कांना."

शेवटी मोठ्या स्क्रिप्टची सहा लहान टूल झाली. प्रत्येकाचं काम एकच. एक न लागणारा भाग शोधतं, एक तो काढतं, एक नावं बदलतं, एक सारखे भाग जोडतं, एक नव्या जागी मांडतं, आणि सहावं जुने-नवे रिपोर्ट ताडून बघतं. हे सहावं माझ्यासाठी. त्यात अक्कांनी अशी सोय केली की कुठल्या वयाचे, कुठल्या तपासणीचे रिपोर्ट अजून ताडलेले नाहीत, ते आधी सांगायचं. प्रत्येक टूल आपण काय करणार आहे याची साधी यादी फाइलमध्ये लिहून देतं आणि थांबतं. यादी माणसानं वाचायची. पटली तर तीच यादी पुढच्या टूलला द्यायची. नुसतं नाव टाइप करून एंटर दाबलं तर ते काहीही बदलत नाही, फक्त दाखवतं. बदल करायचा असेल तर नावापुढे "खरंच" असं टाइप करावं लागतं.

नाझियाला सुरुवातीला हे जड गेलं. "अक्का, आधी एका एंटरमध्ये होत होतं. आता सहा वेळा थांबायचं? सहा वेळा खरंच, खरंच करत बसायचं?"

"लग्नात तीन वेळा म्हणली होतीस ना कबूल है? तितं न्हाई कंटाळलीस?"

"तिथं पण कंटाळले होते," नाझिया म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की खालच्या दुकानदारानं वर डोकावून पाहिलं.

परीक्षा मुखेडच्याच जुन्या प्रतीवर घ्यायची असं अक्कांनी ठरवलं. त्या दिवशी त्या स्वतः बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. "मला काही विचारायचं न्हाई. विचारावं लागलं तर माझं काम अजून झालं न्हाई." आत नाझिया आणि मी. पहिली दोन टूल चालली. तिसऱ्यानं, नावं बदलणाऱ्यानं, दोनशे अठरा ओळींची यादी दिली. नाझिया ती वाचत गेली, मी शेजारून वाचत गेलो. एकशे एक्केचाळिसाव्या ओळीवर दोघंही एकदम थांबलो. महिन्यांचा तक्ता, वर्षांचा तक्ता, आणि दोघांपुढे एकच नवं नाव. पूर्वी अकरा मिनिटांच्या पोटात जे घडून गेलं होतं ते साध्या मराठीत आमच्यासमोर पडलेलं होतं. मला प्रोग्रामिंग येत नाही, तरी मला ते दिसलं. नाझियानं ती ओळ खोडली, दोन वेगळी नावं दिली, आणि मग "खरंच" टाइप केलं.

मी गॅलरीत जाऊन सांगितलं. अक्कांनी विचारलं, "कितव्या ओळीला?" मी आकडा सांगितला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं, दोनशेच्या पुढं असती तर तुम्ही कंटाळून सोडून दिली असती."

दिवाळीनंतर त्या लातूरला मुलीकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण करायचं असं संतोषसरांनी ठरवलं होतं, पण ते दोन वाक्यांच्या पुढे गेलं नाही. अक्कांनी टेबलावरचं सामान पिशवीत भरलं. स्क्रीन त्या दिवशी पुसायची राहिली. पुसण्यासारखं काही नव्हतं. दोन महिने त्यांनी स्क्रीनला बोट लावलं नव्हतं, आदल्या दिवसापर्यंत नुसत्या सवयीनं पुसत होत्या.

पुढचे सात महिने आम्ही एकेक लॅब हलवत गेलो. अडलं की टूलपुढे "मदत" टाइप करायचं. अक्कांनी नाझियाकडून लिहून घेतलेलं मराठी समोर यायचं, अगदी त्यांच्या बोलण्यासारखं. सव्वीस लॅब, दर लॅबला सहा टूल, एकशे छप्पन्न वेळा थांबून वाचलं. नऊ ठिकाणी घोटाळा सापडला. नऊही मधल्या यादीतच सापडले, कुठल्याच पेशंटच्या कागदापर्यंत गेले नाहीत.

एक्केचाळिसावी लॅब देगलूरची. ती हलवायच्या दिवशी अक्का डोळे दाखवायला नांदेडला आल्या होत्या, तशाच ऑफिसात आल्या. ग्राहकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर भिंतीला टेकून बसल्या. आता त्यांना माणसाचा आकार दिसायचा, चेहरा नाही. आम्ही काम सुरू केलं. नाझिया दोनदा थांबली, माझ्याशी बोलली, आणि तिनंच निर्णय घेतला. मध्ये चहा झाला. अक्कांनी विचारलं, "सगळं बरं?" नाझिया यादीतून डोकं वर न काढता म्हणाली, "हाव अक्का, एकदम बरं." साडेचार वाजता सहाव्या टूलनं सगळे रिपोर्ट जुळल्याचं सांगितलं. संतोषसरांनी पेढे आणले. पहिला पेढा अक्कांना दिला.

बसस्टँडला जायला ऑटो बघून देण्यासाठी मी त्यांच्याबरोबर खाली उतरलो. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला होता. रस्त्यावर आल्यावरही तो सोडला नाही.

"अण्णा, सकाळपासून मला कुणी काहीच विचारलं न्हाई."

"अक्का, तुम्हीच तसं करून ठेवलंत."

"हाव. तसंच पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

एक ऑटो येऊन थांबला. मी अक्कांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "अक्का, एक विचारायचं राहूनच गेलं. ते नावं बदलणारं टूल जोडणाऱ्याच्या आधीच का चालवायचं? उलट केलं तर काय बिघडतं?"

याचं उत्तर "मदत" मध्ये लिहिलेलं आहे. मी ते तीस वेळा तरी वाचलेलं होतं.

त्यांनी माझा दंड सोडला. "अहो, उलट कसं करता येईल? थांबा, सांगते," म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेला सरकल्या, मलाही सरकवलं. ऑटोवाल्यानं थोडी वाट पाहिली आणि तो गेला. मग दुसरा आला, तोही गेला. अक्का सांगत होत्या. मी मधूनमधून मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलत होतो, म्हणजे त्यांना ते दुरुस्त करता यावं.